नेसाकाकूंचे बूट

प्रिय कुर्दिन,

खालचा रस्ता पुन्हा बंद झालाय. परवा दुपारी पुलापलीकडच्या वळणावर बर्फाचा लोट आला, आणि तेव्हापासून गावात ना कोणी येतंय ना गावातून कोणी जातंय. म्हणजे हे पत्र टपालपेटीत टाकलं तरी रस्ता मोकळा होईपर्यंत तिथेच पडून राहणार. तरी आजच लिहितेय. उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही, मी स्वतःला ओळखते. तुझा पत्ता नेसाकाकूंकडून घेतला. तू तो त्यांना दिलास, आम्हाला दिला नाहीस, त्यामागे कारण असणार. रागवायचं तर माझ्यावर रागाव, तुझ्या आईवर नको. त्यांनी नुसता कागद पुढे केला आणि म्हणाल्या, बाझेलमध्ये तो बोटींवरचा माल उतरवतो, तिथे म्हणे बर्फ पडला तरी दुपारपर्यंत विरघळतो.

दुकान चालू आहे. आत्ता तर गर्दी आहे, कारण अडकलेल्या पाहुण्यांना करायला काही नाही. डोंगरावर नेणारे पाळणे बंद, रस्ता बंद, हॉटेलात किती वेळ बसणार? मग दुखरे पाय घेऊन माझ्याकडे येतात. तुला आठवत असेल, तू आणि पाइदर, दोघं भाऊ, बाकावर बसून माझी टिंगल करायचात, की कोर्सिनाने माणसांची तोंडं कधी पाहिलीच नाहीत, ती गावाला पायांवरून ओळखते. खरंच आहे ते. परवा सकाळी, लोट यायच्या आधी, हॉलंडचा एक धिप्पाड माणूस आला. स्कीचे बूट आवळतात म्हणाला, चांगले मोठे घेतलेत तरी आवळतात. मी आतलं मऊ अस्तर काढलं, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात त्याला पाय घालायला लावला, तर टाचेमागे माझी अख्खी मूठ जाईल एवढी जागा. पाय आत घरंगळतो म्हणून तो बक्कलं करकचून आवळतो, बक्कलं आवळली की नडगी दुखते, आणि दुखते म्हणून त्याने वर दोन जोड मोजे आणि त्याखाली लोकरीची तुमान खोचलेली. मी म्हटलं, आधी तुमान वर घ्या, मोजा एकच ठेवा, पातळ, आणि टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. त्याने आपटली तर भिंतीवरची कात्री खाली पडली. बायको इतकी हसली की मलाही हसू आवरेना. असं हसायला बऱ्याच दिवसांनी मिळालं.

आता लिनार्दचं लिहायला हवं. काकूंनी तुला फोनवर सांगितलं असेल की तो बरा आहे. गावही तेच म्हणतं. चालतो, बोलतो, छपरांवरचं बर्फ काढतो, चर्चच्या पायऱ्या साफ करतो. चेष्टा केली तर उलट चेष्टा करतो. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, लोटाखालून जिवंत सुटलास बाबा. तो हसतो आणि मान हलवतो. मग घरी येतो. घरात एकही दार नाही, कुर्दिन. उन्हाळ्यातच त्याने ती बिजागऱ्यांतून काढून गोठ्यात नेऊन ठेवली, न्हाणीघराचंसुद्धा. झोपताना खिडकी सताड उघडी. मी टोपी आणि हातमोजे घालून झोपते. पांघरूण तो कमरेच्या वर घेत नाही. पाळण्यांच्या कंपनीने त्याला तिकीटखिडकीत बसायला दिलं होतं, तिथून तो दुसऱ्या दिवशी उठून आला. बंद जागा नको, गळ्याशी बटण नको, हाताला घड्याळ नको. आणि मी हाकेच्या टप्प्यात हवी. तो ओरडत नाही. फक्त अधूनमधून विचारतो, "कोर्सिना?" आणि मी म्हणते, हो. मी तळघरात असेन, अंगणात असेन, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसले असेन, मी हो म्हणते. दिवसभर हो म्हणते. माझ्या बहिणीला कूरमध्ये मुलगी झाली, ती आता बसायला लागली असेल. मी अजून तिला पाहिलेलं नाही. शरद ऋतूत एकदा मी गाडीत जाऊन बसले होते. कुठे जायचं नव्हतं. दारं लावली, काचा वर केल्या आणि नुसती बसून राहिले, चारी बाजूंनी बंद अशी एक जागा मिळाली म्हणून. त्याची हाक मला आत ऐकू आली नाही. तो अंगणभर मला शोधत फिरला, आणि काचेशी आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की त्यानंतर मी ते कधी केलं नाही.

हे सगळं मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? ज्या घरातला माणूस जिवंत परत आला त्या घरातल्या बाईने काकूंच्या गावात बसून कुरकुर करायची? काकू रोज सकाळी ब्रेड आणायला जाताना आमच्या खिडकीवर टकटक करतात. पाइदर गेला आणि माझा नवरा उरला, यावर त्या बाईने मला एका शब्दानेही कधी काही जाणवू दिलं नाही. त्यामुळे तर माझं तोंड अधिकच बंद.

हिवाळा लागला तसा मी एक उद्योग काढला. म्हटलं, याला पुन्हा बुटांत घालायचं. बर्फावर घसरायला लागला की बाकीचं सुटेल, असं मला वाटलं. लहानपणी जो माणूस चालण्याआधी घसरायला शिकला, त्याचं दुसरं काय औषध असणार? त्याचे जुने बूट काढले. पाय घालायचा, टाच अर्ध्यावर पोचायची आणि त्याच्या कपाळावर घाम. मी समजले, आवळतंय. घोट्याशी कवच तापवून बाहेर ढकललं. करंगळीशी फुगवटा काढला. बक्कलांच्या पट्ट्या काढून पुढे बसवल्या, म्हणजे ती सैल लागतील. अस्तर बदललं. शेवटी एक नंबर मोठा बूट आणून दिला. जितका सैल करावा तितका त्याचा पाय आत जास्त दचकायचा. तो बिचारा म्हणायचा, छान झालाय, उद्या घालू. मी रोज त्याच्यापुढे गुडघ्यावर बसायची, रोज आम्ही दोघं उद्यावर यायचो. नंतर माझ्या लक्षात आलं की सैल बुटात पायाला काही कळतच नाही, कुठून काय लागेल याची त्याला सारखी धास्ती. मग मी पुन्हा त्याचे मूळचे बूट घेतले, अस्तर भट्टीत गरम करून त्याच्या पायाच्या मापाने बसवायचं ठरवलं, अंगाला लागून पण कुठेही न टोचणारं. तेवढ्यात माझा हात भाजला.

परवाचीच गोष्ट. रस्ता बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी एका मुलीच्या बुटाला गरम हवेची हीटगन लावून बसले होते. मान वर केली आणि डावा तळवाच नळीवर टेकला. फोड आले. कापडाचं एवढं मोठं गाठोडं बांधून दिलं डॉक्टरीणबाईंनी. दुकानात अडकलेले पाहुणे ओळीने बसलेले, आणि मला एक बक्कल उचलता येईना. लिनार्द बाहेर बर्फ काढत होता. मी त्याला आत बोलावलं. दुकानाचं दार त्याने दगड लावून उघडं ठेवलं, बाहेरचं बर्फ उंबऱ्यात उडत होतं, पाहुणे कोट घालून बसले. तो एकेकापुढे खाली बसला. मी सांगत होते, तो करत होता. पाय आत घ्या, टाच मागे, गुडघा पुढे, आता वरचं बक्कल आधी, खालची फक्त टेकवायची. दुसऱ्याच्या पायावर बूट बंद करताना त्याचा हात जरा थांबायचा, मग तो विचारायचा, "चालेल ना? उघडायचं असेल तर हे असं वर उचला, लगेच उघडतं." प्रत्येकाला. पुन्हा आलेल्या त्या हॉलंडच्या माणसालाही दोनदा करून दाखवलं.

काल दुपारी काकू आल्या. एवढ्या बर्फातून चालत, पाठीवर पोत्यात स्वतःचे बूट. पाहुणे जेवायला गेले होते. त्यांनी अक्रोडाचा केक टेबलावर ठेवला, बूट बाकावर ठेवले आणि म्हणाल्या, पाय बदललेत गं माझे, हे अंगठ्याचं हाड बाहेर आलंय, आणि संध्याकाळी सुजतात. हे नीट करून दे. मी विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणाल्या, फेब्रुवारीत पाइदरला वर्ष होईल, तेव्हा वर जायचंय. जागा बघायची आहे. त्यांनी तुला हे सांगितलंय का, मला माहीत नाही. लिनार्द दारात उभा होता. त्याने त्यांचा बूट उचलला, आत हात घालून चाचपलं, त्यांच्या अंगठ्याशी टोचतं तिथे खडूने खूण केली, आणि मी न सांगता हीटगन लावली. कवच मऊ झालं, आतून लाकडी गोळा लावून दाब दिला, थंड होईपर्यंत धरून ठेवला. अस्तराचा तेवढा भाग घासून पातळ केला. मग त्यांच्यापुढे बसला, त्यांचा पाय हातात घेऊन मोजा सरळ केला, सुरकुती राहू नये म्हणून. तुझ्या आईचे पाय आता किती लहान झालेत, कुर्दिन. बूट चढवला, टाच बसवली, बक्कल लावलं. काकू म्हणाल्या, अजून एक घर आवळ. त्याने आवळलं. मग त्या त्याच्या डोक्याकडे बघत, अगदी साधं, हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाल्या, "कुर्दिन म्हणतो, पाइदरला काही कळलंच नसणार. तू तर बर्फाच्या आत होतास. आत ऐकू येतं का रे, लिनार्द?"

मला वाटलं तो उठून बाहेर जाईल. तो तसाच बसून राहिला, हात त्यांच्या बुटावर. मग म्हणाला, "येतं, काकू. वरचं सगळं ऐकू येतं. आतलं वर जात नाही, पण वरचं आत येतं. फावडं ऐकू येतं. कुर्दिन त्याच्या नावाने हाका मारत होता, त्या मी सगळ्या ऐकल्या."

काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यानेही ऐकल्या असतील." लिनार्द म्हणाला, जिवंत होता तोवर ऐकल्या असणार, तो माझ्यापासून काही लांब नव्हता. काकूंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. दुसरा बूट घालून बघितला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, प्लास्टिकचा तो खाडखाड आवाज करत, आणि म्हणाल्या, आता बोट खुशीत आहे. जाताना दारात थांबल्या आणि एवढंच बोलल्या, की मी सगळं वर्ष समजत होते तो तिथे एकटा होता.

त्या गेल्यावर लिनार्द गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला आणि म्हणाला, माझे बूट दे. मी दिले. माझा हात बांधलेला, म्हणून मला काही करता येईना. सगळं त्यालाच करावं लागलं. पाय घातला, टाच आत गेली. वरचं बक्कल त्याने स्वतः लावलं. दुसरं लावलं. आणि मग त्याने मला जे सांगितलं, ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण यात माझा शब्द मिसळणं बरोबर नाही.

"तो पाइदर, पाइदर म्हणत खणत होता. फावडं जवळ येत होतं. मी ओरडत होतो, अरे मी आहे, लिनार्द आहे. मग माझ्या मनात आलं, याला कळलं की इथे पाइदर नाही, तर हा उठेल आणि दुसरीकडे खणायला जाईल. आणि मी गप्प बसलो. मी पाइदर असल्यासारखा गप्प बसलो."

मी त्याला म्हटलं, जे कोणीही म्हणेल ते. आतून आवाज वर येत नाही. तू ओरडला असतास तरी कुर्दिनला काही कळलं नसतं. गाडलेल्यांना शोधायचं छातीवरचं यंत्र जवळचा माणूस आधी दाखवतं, नाव दाखवत नाही. आधी जवळच्याला काढायचं हे तुम्ही तिघंही दर वर्षी पाळण्यांच्या कंपनीतल्या नव्या मुलांना शिकवत होता. कुर्दिनने नाव ऐकलं असतं तरी त्याला तेच करावं लागलं असतं. तो म्हणाला, "हे सगळं मला माहीत आहे. तिथे आठवलं नाही. तिथे मी गप्प बसलो, एवढंच खरं." मग म्हणाला, बर्फ बाजूला झालं आणि कुर्दिनने माझं तोंड पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय. त्याने माझ्या तोंडातलं बर्फ बोटाने काढलं, म्हणाला श्वास घे, आणि गेला. मी छातीपर्यंत गाडलेला, हात अडकलेले, आणि समोर तो पाइदरसाठी खणतोय. मला मानही फिरवता येत नव्हती, नाहीतर मी बघितलं नसतं. एवढं बोलून त्याने दोन्ही बक्कलं एका झटक्यात उघडली, पाय बाहेर ओढला आणि मोज्यांवर अंगणात गेला. मी त्याच्यामागे गेले नाही. थोड्या वेळाने हाक आली आणि मी हो म्हटलं.

मी मनाशी खूप शोधलं, त्याच्यावर राग येतोय का. येत नाही. मीही गप्प बसले असते. तूही बसला असतास, मला वाटतं. पण हे मी ठरवणारी कोण? माझा माणूस परत आलाय. हे फक्त तू ठरवू शकतोस, आणि तुला तर हे माहीतच नव्हतं. तू गेलास ते तुला त्याच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून, की त्याने तुला त्या अवस्थेत पाहिलं म्हणून, की स्वतःवरच्या रागाने, आम्ही दोघं वर्षभर याच गोष्टीभोवती फिरतोय आणि एकमेकांना विचारत नाही. तू त्याला निरोप न देता गेलास, हे त्याने असं धरलंय की तुला सगळं कळलंय. तुझी आई मात्र काल इथून जी गेली, ती मी वर्षभरात पाहिली नव्हती अशी, पाठ ताठ करून, रिकामं पोतं खांद्यावर टाकून. तू तिला सांगितलंस पाइदरला काही कळलं नसणार, ते तिला बरं वाटावं म्हणून. तिला हे जास्त बरं वाटलं, की त्याने तुझा आवाज ऐकला असेल. तुझ्या त्या हाका चुकीच्या जागी गेल्या असं तुला वाटत असेल तर तसं नाही. दोघांनीही ऐकल्या.

आज सकाळी लिनार्द म्हणाला, मी कुर्दिनकडे जाऊन येतो. मी म्हटलं, मी येते बरोबर. नको म्हणाला. हे पत्र मी लिहितेय हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं हे सगळं तो स्वतः तुला सांगणार, आणि ते त्याने स्वतःच सांगायला हवं. पण मला भीती वाटली की तुला काही कल्पना नसताना तू दारात उभा राहशील, त्याचं पहिलं वाक्य ऐकशील, आणि घाईने जाऊ दे रे म्हणशील, किंवा दार लावून घेशील. दोन्ही त्याला झेपणार नाही. म्हणून आधी तू एकट्याने हे वाच, चिडायचं असेल तेवढं चीड, आणि मग त्याला पूर्ण बोलू दे. रस्ता उद्या-परवा मोकळा होईल म्हणतात. पत्र पहिल्या टपालाने येईल, तो शनिवारी सकाळच्या गाडीने निघेल. पुढचा तो लांब बोगदा, मग लांडक्वार्ट, मग झुरिच. वाटेत तो किती ठिकाणी उतरेल देव जाणे. प्लॅटफॉर्मवर उभा राहून श्वास घेईल, मग पुढची गाडी पकडेल, मग पुन्हा उतरेल. तेव्हा तू स्टेशनवर जा. ज्या गाडीने यायला हवा त्या गाडीतून तो उतरला नाही, तर परत फिरू नकोस आणि मला फोनही करू नकोस. पुढच्या गाडीची वाट बघ. आणि त्याच्या पुढच्या.

तुझी जुनी शेजारीण,
कोर्सिना